कर्जाचे कारण

पतसंस्थेत माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जात
अकरावा रकाना आहे: कर्जाचे कारण.
म्हैस, लिहितात लोक. टेम्पोचं इंजिन. मुलीचं नर्सिंग.
एकाने लिहिलं होतं, 'सांगता येत नाही.'
मी पेन्सिलीने गोल करून अर्ज परत पाठवला.

आज तापकीर गल्लीत, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर
(जिना चढून, म्हणजे कठडा धरून)
ललवाणींनी कागद माझ्याकडे सरकवला.
दोन लाख अडतीस हजार चारशे.
जीएसटी धरून, कीबोर्ड सोडून.
"मुलासाठी का?"
"नाही, मलाच."
त्यांनी चष्मा एकदा वर केला, परत खाली घेतला,
आणि म्हणाले, "मग खुर्चीपण बघून घ्या."

काचेच्या पेटीत पंखे फिरत होते,
जांभळे, हिरवे, लग्नाच्या मांडवासारखे.
मी विचारलं, दिवे नकोत, किती कमी होतील?
"दिवे फुकट आहेत ताई. काढायचे पैसे पडतील."

मग त्यांच्या भाच्याने पडद्यावर एक टेकडी लावली.
संध्याकाळची. वारा सुटलेला.
गवताचं पातं न पातं वेगळं हलत होतं,
एक मोडलेलं, एकावर किडा,
आणि उतारावरून सावली अशी सरकत आली
की मी नकळत डावा पाय मागे घेतला.

गुडघ्यातला दोर तुटला त्याला मार्चमध्ये सहा वर्षं होतील.
तोवर दर रविवारी पहाटे आतकरवाडीतून वर,
पाठीवर काकडी, मीठ, आणि बोलायला कोणी नको.
डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला.
सपाटीवर मी चालते. सारसबागेला तीन फेऱ्या.
सपाटीवर काहीही दिसत नाही.

तर रात्री चढते. मकरंदच्या ऑफिसने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर.
त्याचा पंखा असा किंचाळतो
की खालच्या देवस्थळींना वाटतं
मी रात्री अकराला चटणी वाटते.
आणि तिसऱ्या वळणाला, जिथून दरी उघडायला हवी,
तिथे सगळं थिजतं. गवताचा हिरवा चिखल होतो.
मी थांबते. माझ्यात थांबण्याचा सराव आहे.

बसमध्ये, दांडेकर पुलापाशी, मी मनात फाइल उघडली.
उत्पन्न: शून्य.
घसारा: पहिल्याच वर्षी चाळीस टक्के.
तारण: वस्तू स्वतः, जी उद्या कोणी अर्ध्यात घेणार नाही.
हप्ता: अकरा हजार, चोवीस महिने, म्हणजे मी पंचेचाळीसची होईपर्यंत.
माझ्या टेबलावर आलं असतं तर नामंजूर.
माझ्याच टेबलावर आलंय.
ऑपरेशनला याच्या जवळपासच लागले होते,
तेव्हा कोणी म्हटलं नाही, खरंच गरज आहे का.

मकरंद म्हणाला, घे की.
इतक्या पटकन म्हणाला की मला राग आला.
थोडा वेळ भांडला असता
तर मला माझी बाजू तरी कळली असती.
मग तोच म्हणाला, त्यापेक्षा इन्व्हर्टर?
आणि मला बरं वाटलं.

रात्री मी कोरा अर्ज घेऊन बसले.
अकराव्या रकान्यात 'गवत' लिहिलं.
खोडलं. 'दरी' लिहिलं.
तो 'सांगता येत नाही' वाला माणूस आठवला,
धनकवडीचा, हातात हेल्मेट,
परत आलाच नाही.

मग लॅपटॉप उघडला. किंचाळला.
ललवाणींच्या कागदाची चौघडी केली
आणि त्याच्या डाव्या कोपऱ्याखाली सारली,
खालून जरा हवा लागावी म्हणून.
तिसरं वळण. थिजलं.
पण थिजण्याआधी दोन-तीन पाती
हलली. हलली असं वाटलं.

वरचे चारशे सोडतील का,
हे विचारायचं राहिलंच.